हलगी आधी वाजते

निमखेडच्या सहाशे घरांनी केबल कापली, आणि उदयसिंगराव टेंबऱ्यांनी गुन्हेगारही शोधून काढले: खांबावर चढणारे सात लाईनमन!

गावात केबल फक्त या रावसाहेबांची. वीस वर्षं लोकांनी कबड्डी बघायची म्हणून दोनशे चॅनेल घेतले. त्यांतले अकरा नुसत्या बांगड्या विकत, आणि सहा अशा भाषेत बोलत, जी तालुक्यात कोणालाच येत नव्हती. रावसाहेब याला लोकसेवा म्हणत. मग सामने मोबाईलवर दिसू लागले आणि लोक एकदम कृतघ्न झाले.

"रविवारी कबड्डीची फायनल!" रावसाहेब ऑफिसात गरजले. "शेवटची शिट्टी व्हायच्या आत गेलेल्यांपैकी तीनशे नावं या वहीत परत आली पाहिजेत. दर रुपयाने कमी होणार नाही. कोणाच्या दारात जाऊन हात जोडायचे नाहीत. आणि कोणाच्या इंटरनेटला हात लावायचा नाही, तेही माझंच आहे! नाही जमलं तर सोमवारपासून सातही जण घरी!"

"किती उदार अटी!" मॅनेजर गुंडोपंत भारावून म्हणाले.

तक्रारींच्या खिडकीतली मंजुळा उठून उभी राहिली. सातांतला सगळ्यात म्हातारा लाईनमन महिपती हा तिचा बाप.

"मी आणते तीनशे नावं," ती म्हणाली.

"तू? कशी?"

"ऑफिसातला मोठा टीव्ही रविवारी चौकाकडच्या ओसरीवर ठेवते. आणि तालमीतल्या दोघांना हलगी घेऊन बोलावते."

रावसाहेब पोट धरून हसले. "गिऱ्हाईक गेलं म्हणून हलगी वाजवणार? वाजव बाई, मनसोक्त वाजव!"

गुंडोपंतही हसले. मालकाचं हसू थांबल्यावर तेही थांबले.

आता निमखेडची हलगी म्हणजे काय, ते सांगायला हवं. गावच्या मैदानावर चढाई साधली की दोन ठोके, आणि पकड झाली की लांबलचक कडकडाट. पाळण्यातल्या पोरापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत प्रत्येकाला ही खूण पाठ.

रविवारी संध्याकाळी फायनल सुरू झाली. घराघरांत लोक मोबाईल भिंतीला टेकवून बसले. पडद्यावर चढाईपटू मधली रेघ ओलांडत होता. श्वास रोखले गेले. एवढ्यात चौकातून आवाज आला... कडकडकडकड!

"गेला!" आजोबा म्हणाले.

"अहो आजोबा, आत्ताच तर आत शिरलाय!"

"गेला म्हणतो ना!"

अर्ध्या मिनिटाने तो पडद्यावर खरंच गेला. पुढची चढाई, तोच प्रकार. त्याच्या पुढची, तोच! अख्खं गाव शिळी कबड्डी बघत होतं. दहा चढायांनंतर लोक चपला घालून चौकात आले.

"बंद करा ती हलगी!"

"का हो काका? आम्ही दिसतं तेव्हाच वाजवतो," मंजुळा म्हणाली. "केबलवर आधी दिसतं. मोबाईलवर तेच फिरून फिरून येतं, अर्धं मिनिट उशिरा."

"मग जोड आमची केबल!"

"नाव सांगा."

रांग लागली. सातही लाईनमन खांबांवर चढले. मंजुळाचं पेन थांबेना. पण सामना संपायला एक मिनिट उरलं तेव्हा रांग आटली. गुण बरोबरीत होते आणि टाइम-आउटची शिट्टी झाली होती.

गुंडोपंतांनी वही मोजली. "दोनशे नव्व्याण्णव! अरेरे, एकानेच हुकलं!" त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. महिपतीने खांबावर चढायचा कमरेचा पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवला.

इतक्यात गर्दी बाजूला सारत उदयसिंगराव आले, लाल होऊन.

"कोण वाजवतंय रे? तिकडे चढाई सुरू व्हायच्या आत इकडे निकाल! सगळ्या फायनलची माती केलीत!"

मंजुळाने मान वर केली. "तिकडे म्हणजे कुठे, रावसाहेब?"

"कुठे म्हणजे? माझ्या बंगल्यात!"

मंजुळाने पेन खाली ठेवलं.

"बंगल्यात केबल नाही?"

"ते... नव्या रंगावर काळी तार वाईट दिसते म्हणून सूनबाईंनी काढली," रावसाहेब पुटपुटले.

"कृतघ्न!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

मंजुळाने वही त्यांच्यापुढे फिरवली. "मी कोणाच्या दारात गेले नाही, तुम्हीच चालत आलात. बघा बुवा. मालकालाच केबल नको असेल, तर हे दोनशे नव्व्याण्णव आत्ता माझ्यासमोर नावं खोडतील."

रावसाहेबांनी गर्दीकडे पाहिलं. गर्दीने रावसाहेबांकडे पाहिलं. टाइम-आउट संपत आला होता.

त्यांनी पेन घेतलं आणि तीनशेवं नाव स्वतःचं लिहिलं. लिहिता लिहिताच त्यांचे खांदे हलू लागले, आणि मग ते असे हसले की शेवटची शिट्टी कोणालाच ऐकू आली नाही.

"महिपती, घाल तो पट्टा! सातही जण कायम! आणि पोरी, माझ्याच वहीत मला पकडलंस. तुला काय हवं?"

"कबड्डीचा चॅनेल सुटा विकायचा, रावसाहेब. नाहीतर उद्या सगळे पुन्हा कापतील. आणि पहिली कात्री सूनबाईंची असेल!"

रावसाहेब पुन्हा हसत सुटले. "दिलं! उद्यापासून कबड्डी सुटी, आणि मॅनेजरच्या खुर्चीत तू! गुंडोपंत, बांगड्यांचे अकरा चॅनेल आता तुम्ही सांभाळा."

"किती उदार!" गुंडोपंत म्हणाले, सवयीने.