काळूरावांच्या पोटातला हादरा

कुणालाच घर बांधायची अक्कल सुचली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका माळावर काळूराव नावाचा मोठा कातळ होता. अंगावर हिरवंगार शेवाळ, दिसायला एकदम रुबाबदार. शेजारी भुऱ्या नावाचा एक ओबडधोबड खडक पडलेला असायचा.

साळिंदरबाई पिलांसाठी जागा शोधत आल्या. "माझ्या आडोशाला राहा," काळूराव म्हणाले. "मी वरपासून खालपर्यंत एकसंध आहे." भुऱ्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

बाई मुळात संशयी, त्यात हे दगडाचं छप्पर पिलांच्या डोक्यावर येणार. त्यांनी माळावर चरणाऱ्या एका रेड्याला सांगितलं, "दादा, दोघांच्या त्या टोकाला एकेकदा पाय आपटा." आणि स्वतः या टोकाला कान लावून बसल्या.

भुऱ्यातून हादरा सुसाट आला, नमस्कार करून पुढे निघून गेला. काळूरावांमधून मात्र येईचना. बाईंचं पिलू जांभई देऊन झोपलं, तेव्हा कुठे तो धापा टाकत बाहेर पडला.

"बाई, अखंड दगडात मी पळतो," हादरा म्हणाला, "पण यांच्या आत नुसत्या भेगाच भेगा. पावलोपावली अडखळलो."

"आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला उभ्या उभ्या पाठवायची पद्धत नाही," काळूराव म्हणाले.

बाई पिलांना घेऊन भुऱ्याकडे राहायला गेल्या. काळूराव भयंकर चिडले. "मी एकसंध आहे," ते गरजले.

"मीसुद्धा," भेगेपलीकडून त्यांची डावी बाजू म्हणाली.

"आणि मी पण," खालून तिसरा आवाज आला.