पाणी न शिरणारे बूट

“...मग या तिन्हींतला कोणता, उस्ताद?”

रणोजीराव मोहोळकरांनी बुटांचे तीन जोड पडवीत ओळीनं मांडले होते. समोर घोंगडीवर उस्ताद अमीनसाहेब भाजलेल्या शेंगा सोलत बसले होते. ते सोलतच राहिले.

संस्थानं होती त्या काळातली ही गोष्ट. अमीनसाहेबांनी अर्धी हयात संस्थानचा शिकारखाना सांभाळला होता. पुढं नजर अधू झाली तशी बंदूक त्यांनी आपल्या हातानं परत केली आणि रानाच्या तोंडाशी, पीराच्या दर्ग्याशेजारी येऊन राहिले. ज्याला शिकायचं असेल तो तिथं येई. उस्ताद फार बोलत नसत. आणि एक गोष्ट त्यांना दोनदा विचारायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रणोजीराव लहानपणी नेम धरायला शिकले ते त्यांच्याकडंच. आता पंचक्रोशीत त्यांच्यासारखा नेमबाज नव्हता. हे लोकांना माहीत होतं. रावांना जरा जास्तच माहीत होतं.

पण दोन वेळा ते रानातून हात हलवत परतले होते.

झालं होतं असं. दिवाणसाहेबांच्या एका पाहुण्यानं हौसेखातर बिबट्यावर गोळी झाडली. गोळी पुढच्या पंजात बसली. जखमी जनावराच्या मागं जायचं असतं, हे पाहुण्याच्या गावीही नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी मोटारीत बसून निघून गेला. बिबट्या मात्र मागं राहिला. लंगड्या पायानं भेकर कुठलं सापडायला? तो धनगरवाड्यावर उतरू लागला. आधी शेळ्या गेल्या, मग राखणीची कुत्री. मग एका सकाळी गवत कापणाऱ्या ठकूबाई येडग्यांवर त्यानं झेप घातली. बाई खमकी. हातातला विळा तिनं असा चालवला की बिबट्यानं सोडलं तिला. पण खांदा फाडून गेला तो गेलाच.

त्या दिवसापासून वाड्यावरचं कुणी रानात पाऊल टाकीना. ऐन भाद्रपदात, गवत कमरेएवढं वाढलेलं असताना, म्हशी दावणीला बांधलेल्या हंबरत होत्या.

रणोजीरावांनी भर दरबारात विडा उचलला. पितृपंधरवडा लागायच्या आत बिबट्या पाडीन, म्हणाले.

पहिल्या खेपेला ते रबरी गमबूट घालून गेले. बाहेरचं पाणी आत आलं नाही, पण पाय घामानंच उकडून निघाले. तळव्यांची कातडी पांढरी पडून सुटायला लागली. वर प्रत्येक पावलाला असा आवाज, की आसपासचं रान आधीच सावध. दुसऱ्या खेपेला पलटणीतले कातडी बूट घातले. ते दुपारपर्यंत पाणी पिऊन दगडासारखे जड झाले, टाचा सोलल्या, आणि राव काठी टेकत घरी आले.

गावात लोक दबक्या आवाजात म्हणू लागले, ‘रावांचा नेम पक्का, पण पाय कच्चा.’

ते त्यांच्या कानावर आलं. फार लागलं.

मग त्यांनी खास विलायतेहून तिसरा जोड मागवला. पोटरीपर्यंत उंच, जाड तळव्याचा, मेण-चरबी मुरवलेल्या कातड्याचा. नाड्यांखालची जीभसुद्धा दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवून टाकलेली. थेंबभर पाणी आत शिरणार नाही, अशी बनवणाऱ्याची हमी.

मनातून त्यांनी हाच जोड नक्की केला होता. उस्तादांनी फक्त मान हलवायची होती.

उस्तादांनी मान हलवली नाही. त्यांनी मागच्या खेपेची हकीकत सांगायला सांगितली.

रावांनी सांगितली, अगदी बारकाईनं. काळंबीचा ओढा कुठं ओलांडला, कुठला दगड शेवाळलेला होता, कुठला पक्का, डाव्या वाटेवर केवढं डबकं होतं आणि ते त्यांनी मुळ्यांवरून पाय टाकत कसं चुकवलं. जळवा कुठं जास्त होत्या तेसुद्धा सांगितलं. सांगताना स्वतःच्या स्मरणाचं त्यांना कौतुक वाटत होतं.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

“शेकरू कुठं ओरडलं?”

“शेकरू?”

“...वानरं कुठल्या अंगाला होती?”

बिबट्याची चाहूल हीच जनावरं देतात, हे रणोजीरावांना ठाऊक होतं. शेकरू ओरडलं असणार. वानरंही असणारच. पण...

उस्ताद उठले. तिसऱ्या जोडातला एक बूट त्यांनी उचलला, हातानं चाचपला. मग कोपऱ्यातला तांब्या घेतला आणि शांतपणे बुटात पाणी ओतायला सुरुवात केली. एक तांब्या. मग आणखी एक. बूट काठोकाठ भरला तसा तो त्यांनी खुंटीला टांगून ठेवला आणि परत शेंगा सोलायला बसले.

रावांच्या कपाळाची शीर उडाली. पण उस्तादांपुढं आवाज चढवायची सवय नव्हती. ते बुटाकडं बघत बसले.

बराच वेळ गेला. टरफलांचा ढीग वाढला. बुटातून एक थेंब खाली पडला नाही.

शेवटी रावांना राहवलं नाही. रागातही त्यांच्या आवाजात अभिमान होता.

“बघितलंत? गळत नाही.”

“नाही गळत,” उस्ताद म्हणाले.

“म्हणजे... हाच घालू?”

“दोनदा विचारलंत, रणोजीराव.”

एवढं बोलून उस्ताद नमाजासाठी आत गेले.

राव तणतणत आपल्या घरी परतले. म्हातारा आता थकला, उगीच आपण विचारायला गेलो, असं घोड्यावर बसल्या बसल्या त्यांनी दहादा मनाशी म्हटलं. बूट शेगडीच्या उबेला धरून वाळवला, पुन्हा मेण चोळलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते रानात शिरले. पायात नवे बूट, खांद्याला रायफल, सोबत धनगरवाड्यावरचा भिवा. भिवा माग काढण्यात तरबेज होता.

रात्रभर पाऊस पडून गेला होता. काळंबीचा ओढा भरून वाहत होता. भिवा सरळ पाण्यात उतरून पलीकडं गेला. राव दगडावरून दगडावर पाय टाकत निघाले. मधल्या दगडावर तळवा सरकला आणि ते कमरेपर्यंत पाण्यात गेले. रायफल तेवढी वर धरली होती.

पाणी बुटांच्या वरच्या काठातून आत शिरलं. आणि आतच राहिलं.

पाय उचलायचा म्हणजे भरलेली कळशी उचलावी तसं होऊ लागलं. काठावर बसून त्यांनी नाड्या सोडल्या, बूट उपडे केले, मोजे पिळले, पुन्हा चढवले. थोडं चालून गेल्यावर ओढा पुन्हा आडवा आला. पुन्हा तेच. घळीत शिरल्यावर तर ओढा वाट सोडेना. दर वेळी बसायचं, काढायचं, पिळायचं, घालायचं. भिवा एकसारखा सूर्याकडं बघत होता. ऊन चढलं की घळीतला वारा फिरतो, आणि माणसाचा वास वर जातो. हे रावांनाही कळत होतं.

एका ठिकाणी ते तसेच बसून राहिले. एक बूट पायात, एक हातात. हातातल्या बुटातून पाणी ओतलं जात होतं.

त्यांना पडवीतली खुंटी आठवली.

आधी कानशिलं तापली. आपण केवढ्या तोऱ्यात म्हणालो होतो, ‘बघितलंत?’ मग कुठून कोण जाणे, त्यांना हसू आलं. आवाज न करता, खांदे हलवत ते हसत सुटले. भिवाला वाटलं, रावांना थंडी भरली.

रावांनी कमरेची सुरी काढली.

हेतू लक्षात येताच भिवानं त्यांचा हात धरला. “सरकार... इलायती हायेत.”

“असू देत,” राव म्हणाले.

आणि त्यांनी तळव्याच्या जरा वर, बुटाच्या आतल्या अंगाला एक आणि बाहेरच्या अंगाला एक, अशा आरपार चिरा दिल्या. कातडं कडक होतं; जोर लावावा लागला. मग दुसऱ्या बुटाला. बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि काठाकडं न वळता सरळ ओढ्याच्या मधोमध उतरले.

पाणी आत आलं. पाऊल टेकलं तसं पिचकारीसारखं बाहेर गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. पाय हलका होता. दगड शोधायचे नव्हते, डबकी चुकवायची नव्हती. पाण्याच्या खळखळाटात पावलांचा आवाज बुडून गेला. दोघं ओढ्यातूनच घळ चढू लागले. सकाळचा गार वारा वरून उतरत होता, तो थेट तोंडावर येत होता.

राव कितीतरी वेळानं मान वर करून चालत होते.

आणि मग त्यांना रान ऐकू यायला लागलं. कुठंतरी पुढं कस्तुर पक्षी शीळ घालत होता. उजव्या कड्यावर वानरं निवांत पाला ओरबाडत होती. म्हणजे त्या अंगाला काही नव्हतं. डावीकडं, वर, शेकरू चिडून कटकट करत होतं. एकाच झाडावर, एकाच जागेकडं तोंड करून.

मध्येच कस्तुराची शीळ तुटली.

रावांनी हात मागं करून भिवाला थांबवलं.

डाव्या कड्याला पाण्यापासून माणूसभर उंचीवर एक कपार होती. तिथं बिबट्या सुजलेला पंजा चाटत पडला होता. सडलेल्या जखमेचा वास वाऱ्यावर आला. खालून, पाण्यातून कुणी येईल याची त्याला कल्पना नव्हती. त्यानं मान वळवली तेव्हा दोघांची नजर एक झाली.

त्यानं उडी घेतली.

रावांना रायफल खांद्याला लावल्याचं आठवत नाही. पाण्याचा लोंढा मांड्यांना ढकलत होता. पाय मात्र तळाच्या वाळूत खुंटासारखे रोवलेले होते. एकच बार झाला. बिबट्या हवेतच वळला आणि त्यांच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, पाण्यात कोसळला. पुन्हा हलला नाही.

घळीत बराच वेळ बाराचा आवाज घुमत राहिला.

रावांनी वाकून त्याचा पंजा हातात घेतला. पाहुण्याची गोळी अजून आत होती. एवढे दिवस हा ती वागवत हिंडत होता... त्यांनी त्याच्या कपाळावर क्षणभर हात ठेवला. मग भिवानं तोंडावर हात नेऊन अशी आरोळी ठोकली की धनगरवाड्यापर्यंत पोचली.

दुपारी धनगरवाड्यावर ढोल वाजला. बिबट्याला बांबूला बांधून आणलं होतं. बाया, माणसं, म्हातारे सगळे लोटले. ठकूबाई झोळीत हात अडकवून गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. बिबट्याकडं त्यांनी एकवार पाहिलं. मग चांगल्या हातानं मूठभर भंडारा घेऊन रावांच्या कपाळाला फासला आणि म्हणाल्या, “बिरोबा तुजं भलं करंल, लेकरा.”

सरकार, राव, सगळं विसरून बाई ‘लेकरा’ म्हणाली.

“आता म्हशी सोडा,” रावांनी एवढंच सांगितलं.

दावी सुटली. आधी एकीनं बिचकत पाऊल टाकलं. मग सगळा कळप घंटा वाजवत, शेपट्या उडवत, उतारावरच्या त्या कमरेएवढ्या गवतात धावत सुटला. ढोलवाल्यांनी ढोल आणखी चढवला. भंडारा उधळला. माणसं नाचत होती, ओरडत होती, आणि भंडाऱ्यानं माखलेल्या रणोजीरावांना खांद्यावर घेऊन मिरवणूक टेकडी उतरली. गावातली मंडळी वाटेत सामील झाली. कालपर्यंत पायाला हसणारे आज त्याच पायांना हात लावायला धडपडत होते.

रावांनी मिरवणूक दरबाराकडं न नेता दर्ग्याकडं वळवली.

उस्ताद पडवीत उभे होते. ढोल थांबले. राव खांद्यावरून उतरून पुढं झाले आणि त्यांनी उस्तादांचे पाय धरले. मग भिवानं सगळी कथा सांगितली, हातवारे करून. ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं त्यांनीही मध्ये मध्ये भर घातली. ओढा केवढा होता, उडी कशी घेतली, बार कसा झाला.

उस्तादांनी सगळ्यांचं ऐकलं. बिबट्याजवळ बसून त्याच्या पंजावरून बोटं फिरवली. छातीवर गोळीची जागा चाचपली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तृप्ती पसरली. एवढ्या वर्षांत रावांनी उस्तादांना असं बघितलं नव्हतं.

मग उस्तादांनी मान वर केली.

“बार टाकला, तेव्हा पाय ओले होते?”

गर्दीतून कुणीतरी हसलं. ओढ्यात उभ्या माणसाला हे काय विचारणं?

राव हसले नाहीत. ते आठवू लागले. शेकरूचा आवाज आठवला. कस्तुराची तुटलेली शीळ, वाऱ्यावरचा वास, ते पिवळे डोळे... पण पाय?

“...आठवत नाही, उस्ताद.”

अमीनसाहेब उठले. दोन्ही हात त्यांनी रावांच्या खांद्यांवर ठेवले.

“मग बूट चांगले होते.”