द्वारकीचा दोर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मला ती सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ऐकली तशी सांगतो. खारट लागली तर दोष समुद्राचा.

आपल्या गावात तेव्हा एकच मोठं जाळं होतं, रापणीचं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडत जायची. त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर यायचे आणि अर्धं गाव या दोराला, अर्धं त्या दोराला लागून जाळं ओढायचं. ज्याने दोराला हात लावला त्याला मासळीचा वाटा मिळायचा. होडीचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या, होता येसो. पाण्याच्या रंगावरून तो बांगड्यांचा थवा ओळखायचा, आणि त्याने शीळ घातली की मासे वळून बघायचे, असं म्हणतात.

त्याच गावात द्वारकी राहायची. तिचा बाप फाटकी जाळी तुणायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून सुई हिच्या हाती आली. जाळं कुजलं तरी तिने घातलेली गाठ सुटायची नाही, असं म्हणतात. एका वादळात तिच्या नवऱ्याला येसोने पोहत जाऊन परत आणलं होतं. तेव्हापासून ती त्याला दादा म्हणायची आणि सणाला पहिलं पान त्याचं मांडायची.

मग जाळं फाटू लागलं. अधूनमधून नव्हे, रोजच. ओढून आणावं तर भलं मोठं भगदाड, आणि आत चार तारल्या. पुरुष म्हणायचे, मोठ्या मुशीने, दातांच्या शार्कने, फाडलं. येसोसमोर सगळे मान हलवायचे, "दर्यो कोपलो, तांडेल." आणि घरी गेल्यावर, दार ओढून घेऊन, दुसरंच बोलायचे. समुद्राला नारळ दिले. गाव राखणाऱ्या देवचाराला गाऱ्हाणं घातलं. देवचाराला घालणं सोपं, तो उलटून विचारत नाही.

द्वारकीला मात्र बोटांनीच कळलं होतं. भगदाड दर वेळी जाळ्याच्या डाव्या अंगालाच असायचं आणि धाग्यांत कालवांचे कपचे अडकलेले असायचे. मुशीच्या दाताला कालवं चिकटत नाहीत. ती खडकाला असतात. येसोचा डावा डोळा मंद झाला होता, होडी डावीकडे सरकत होती आणि जाळं खडकावर पडत होतं. ती ते कपचे काढायची, करवंटीत लपवायची आणि मुकाट्याने जाळं तुणायची. असं तीन वर्षं चाललं. ज्याने आपलं कुंकू राखलं, त्याला आंधळा कसं म्हणायचं?

चौथ्या वर्षी दोन्ही दोरांची माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. हे म्हणाले, तुम्ही ढिले ओढता. ते म्हणाले, तुम्ही उशिरा येता. शेवटी एका दोराची माणसं म्हणाली, उद्यापासून आमचं जाळं वेगळं. अर्ध्या माणसांनी रापण ओढली जात नाही, हे दोघांनाही माहीत होतं. गाव उपाशी मरणार होतं, आणि तेही भांडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसो होडीत दोर चढवत होता आणि दोन्ही दोरांची माणसं किनाऱ्यावर वेगवेगळी उभी होती. द्वारकी करवंटी घेऊन आली. ऐकून घेण्याआधी तो निघून जाऊ नये म्हणून तिने दोराचं मोकळं टोक धरलं.

"दादा, माका काय तरी सांगूचा आसा. माझा सांगान होयसर दोर सोडू नको."

तिने करवंटी वाळूत उपडी केली.

"जाळा मुशीन फाडूक नाय. ता तुझ्या हातान फाटता. डाव्या डोळ्यान तुका दिसणा नाय. माका तीन वर्सा म्हायत होता, आणि मी गप बसलंय."

लाटा जागच्या जागी थांबल्या, असं म्हणतात. येसोने दोराला असा हिसका दिला की द्वारकी गुडघ्यांवर पाण्यात आली. तिने दोर सोडला नाही. त्यानेही सोडला नाही. मग त्याने गावाकडे पाहिलं.

"तुमका सगळ्यांका म्हायत होता?"

कुणी वाळू पाहत होतं, कुणी आकाश. मग एक म्हातारा पुढे आला, त्याने द्वारकीमागे दोर धरला आणि "होय" म्हणाला. मग दुसरा आला, मग तिसरा.

येसो रडला. "डोळो गेलो तेचा दुख नाय," तो म्हणाला. "माकाय कळला होता. पण तीन वर्सा तुमच्यात बसान मी एकटोच होतंय."

त्या दिवशी जाळं पाण्यात गेलं नाही. दुपारपर्यंत माणसं दोर धरून एकमेकांना तोंडावर सांगत राहिली. कोण खरंच उशिरा येतं, कोण ढिलं ओढतं, कोण वाट्यातला मोठा मासा आधी उचलतं. फार वाईट दुपार होती म्हणे ती, कुणालाच जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी होडीवर नवा तांडेल चढला आणि येसो उंच खडकावर बसला. दूरचं पाणी ओळखायला एक डोळा पुरत होता. त्याने शीळ घातली, आणि जाळं एवढं भरलं की दोर वीणेसारखा वाजू लागला, असं म्हणतात. सूर्य बुडेपर्यंत गाव ओढत होतं.

पण येसो द्वारकीशी बोलला नाही. सण आला, तिने पान मांडलं, तो आला नाही. तिला ज्याची भीती होती तेच झालं होतं. पुढच्या सणालाही पान रिकामंच राहिलं. तिसऱ्या सणाला तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "गो द्वारके, जेवूक वाढ. गावात खरा सांगणारा घर ह्या एकच आसा."

आजही नारळी पौर्णिमेनंतर जाळं पाण्यात जाण्याआधी वाळूत काथ्याचा एक दोर पसरतात. त्याला द्वारकीचा दोर म्हणतात. सांगणाऱ्याने सुकं टोक धरायचं, ऐकणाऱ्याने ओलं, आणि बोलणं संपेपर्यंत कुणी सोडायचं नाही. ओलं टोक पहिल्यांदा तांडेलानेच धरायचं. एखाद्या वर्षी कुणीच पुढे आलं नाही, तर त्या दिवशी होडी निघत नाही.

मी आजवर दोनदा ओलं टोक धरलंय, सुकं एकदाच. काथ्या तळहात सोलून काढतो. सुकं धरलं तेव्हा समोर माझा सख्खा भाऊ होता. पुढचे दोन सण तो माझ्याकडे आला नाही. तिसऱ्यासाठी पान मांडून ठेवलंय.