स्वतःवरच वाढवलेली बोली

एकदा एक वृद्ध घड्याळजी लिलावात घड्याळ विकत घ्यायला निघाले. आयुष्यभर त्यांनी लोकांची घड्याळे दुरुस्त केली होती. स्वतःच्या घरी मात्र एकही ठेवले नव्हते. सोबत त्यांचा शिष्य होता. त्याला शिकायला लागून सात वर्षे झाली होती आणि आपल्याला सगळे कळते असे वाटू लागून साधारण सहा.

लिलावघरात जुनी विलायती घड्याळे ओळीने मांडली होती. पूर्वी साहेबलोक भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीवर ठेवत तसली, टोले देणारी. गुरुजी एका काळ्या संगमरवरी घड्याळापाशी थांबले. त्यांनी मागचे झाकण उघडले. आतल्या पितळी पत्र्यावर सुईने कोरलेले एक नाव होते. दुरुस्ती झाली की घड्याळजी असे आपले नाव आत कोरून ठेवतात. गिऱ्हाइकाला ते जन्मात दिसत नाही.

"हे माझ्या गुरूंचं अक्षर," ते म्हणाले. "त्यांच्या हातचं माझ्यापाशी दुसरं काही नाही."

"केवढ्याला जाईल?"

"रास्त किंमत आठ हजार. माझ्याजवळही तेवढेच आहेत."

पण त्याच घड्याळावर एका व्यापाऱ्याचा डोळा होता. या व्यापाऱ्याच्या घरी दोनशे जुनी घड्याळे होती आणि वेळ तो मोबाइलवर पाहत असे. आठ हजार त्याला काहीच नव्हते.

तेवढ्यात तीन वाजले. हॉलमधली सगळी घड्याळे आपापल्या सवडीने वाजू लागली. त्या कल्लोळात शिष्याने काळ्या घड्याळाच्या मागे हात घातला आणि आतली एक तार दोनदा उचलली. या जातीच्या घड्याळात काट्यांचे यंत्र वेगळे आणि टोल्यांचे वेगळे. तार उचलली की पुढच्या तासाचे टोले पडतात आणि टोल्यांची गणती एक आकडा पुढे सरकते. काटे जागीच राहतात.

काळ्या घड्याळाची पाळी आली तेव्हा चाराला मिनिटभर कमी होते. लिलाव पुकारणारा हौशी होता. "मंडळी, थांबा. आता हे स्वतःच बोलेल!"

घड्याळ बोलले. सहा वेळा.

"चाराचे सहा?" व्यापारी मोठ्याने हसला. "अहो, हे घड्याळ आहे की रिक्षाचा मीटर? मला नको."

"तीन हजार," गुरुजी म्हणाले.

दुसरे कोणी बोलेना. मागच्या बाकावर घड्याळाची मालकीण बसली होती. वडिलांच्या पश्चात तिने ते विकायला काढले होते. "एवढेच?" असे तिने शेजारणीला हळूच विचारले.

"तीन हजार एक वार... दोन वार..."

"पाच हजार," गुरुजी म्हणाले.

पुकारणारा थबकला. "आजोबा, तीन हजार तुमचेच आहेत."

"माहीत आहे. पाच."

"अहो, पण समोर कोणी नाही!"

"तुम्ही पुकारा."

त्याने पुकारले. "पाच हजार एक वार..."

"आठ हजार."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सरकारी खात्यात पैसे दुसऱ्याचे असतात, पण तेथेही असे कोणी करीत नाही. "ऐकू कमी येतं वाटतं," कोणीतरी म्हणाले. शिष्याने गुरुजींची बाही ओढली. "गुरुजी, आपल्यालाच मिळतंय! गप्प बसा ना!" सात वर्षांत गुरूला गप्प बसवण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

आता व्यापारीही गोंधळला. मग त्याने गोंधळलेली माणसे करतात तेच केले, म्हणजे विचार केला. 'घड्याळजी आहे. फुकट पाच हजार वाढवणार नाही. आत नक्की काहीतरी आहे.'

"साडेआठ!" तो ओरडला.

गुरुजींनी हात मांडीवर ठेवले आणि घड्याळ व्यापाऱ्याकडे गेले.

बाहेर पायऱ्यांवर शिष्य रडकुंडीला आला. "तीन हजारांत घरात आलं होतं! तुमच्या गुरूंचं नाव त्या मोबाइलवाल्याच्या दिवाणखान्यात गेलं. काय केलंत हे?"

"तीन वाजता इतकी घड्याळं वाजली," गुरुजी म्हणाले, "त्यातल्या एकाने नऊ टोले जास्त दिले. मी आयुष्यभर दुसरं काय ऐकलंय?"

"चार आणि पाच," शिष्य पुटपुटला.

"तिथेच बोललो असतो, तर तुला या गावात कोणी घड्याळाला हात लावू दिला नसता. गप्प बसलो असतो, तर ते घड्याळ माझ्या उशाशी येऊन बसलं असतं. आत माझ्या गुरूंचं नाव, बाहेर तुझी करामत. तासातासाला मी काय ऐकायचं? म्हणून तुझं बोट लागण्याआधी त्याची जी किंमत होती, ती मी बोललो."

"पण स्वतःवरच बोली वाढवायची?"

"स्वतःवर कुठे? तीन हजार ही तुझी बोली होती. मी तुझ्यावर बोललो."

शिष्याने गुरुजींना तिथेच थांबायला सांगितले. मग एकटाच आत गेला. व्यापारी घड्याळ खोक्यात घालत होता.

"शेठ, ते बिघडलेलं नाही. टोले मी चुकवलेत." हे त्याने सगळ्यांच्या देखत सांगितले. टोले मागे नेता येत नाहीत. सहावरून चारावर आणायचे तर सातपासून बारापर्यंत आणि पुन्हा एकपासून चारपर्यंत, सगळे वाजवावे लागतात. शिष्याने तार दहा वेळा उचलली. सदुसष्ट टोले झाले. घड्याळाच्या मालकिणीसकट सगळे ते ऐकत उभे राहिले आणि एकालाही घाई नव्हती.

"म्हणजे आत काही नाही?" व्यापाऱ्याने विचारले.

"आहे. पण ते तुमच्या कामाचं नाही," शिष्य म्हणाला आणि त्याने झाकण जपून लावले.

चारचौघांत एखादा माणूस आपलेच नुकसान करून घेताना दिसला, तर त्याला खुळा ठरवण्याआधी त्याच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहावे.