ओसंडणारं घंगाळ

ही फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा पक्षी माणसांशी बोलत, आणि माणसंही थांबून त्यांचं ऐकत.

एका डोंगराखाली, तळ्याच्या काठी, मोठा अतिथीमहाल होता. लांबलांबचे सरदार आणि सावकार तिथे चार दिवस सुखाने राहायला येत. रेशमी गाद्या, चंदनाचे पाट, कशाची म्हणून कमी नव्हती. महालाची मालकीण तरुण होती. सगळे तिला अक्का म्हणत. तिची लेक अजून रांगत होती.

महालाची एक रीत होती. पाहुण्याच्या आंघोळीला तळ्याचं पाणी तापवून पितळी घंगाळ भरायचं, ते कढत पाणी काठावरून ओसंडून वाहू द्यायचं, आणि मगच पाहुण्याच्या हाती तांब्या द्यायचा. जेवढं सांडेल तेवढा मान, असं अक्काची सासू सांगून गेली होती.

पाणी तापवायला लाकडं तोडून तोडून डोंगर बोडका झाला. पाऊस पडला की पाणी उतारावरून धावत निघून जाई. ऊन वाढत चाललं, आणि तळं दर उन्हाळ्यात मागे मागे सरकत होतं.

एके सकाळी अक्का लेकीला कडेवर घेऊन तळ्यावर गेली. काठाच्या मातीत बीळ करून राहणारा खंड्या पक्षी बिळाच्या दाराशी बसला होता.

"काय रे, आज मासा नाही?"

"पूर्वी दारातून बुडी मारायचो, अक्का. आता पाण्यापर्यंत जाता जाताच दमतो. यंदा इथे अंडी घालायची नाहीत. बायको म्हणते, गाव सोडू."

"थांब की थोडा."

"कशाच्या भरवशावर? आणि तुझं पिल्लू मोठं झालं की कुठल्या पाण्यात पाय सोडून बसेल?"

घरी येऊन अक्काने लेकीला न्हाऊ घातलं आणि ते पाणी रोजच्यासारखं परसातल्या केळीला घातलं. घालता घालता तिच्या मनात आलं, मग महालातलं सांडलेलं पाणी जातं तरी कुठे?

मोरीचा पाट धरून ती भिंतीमागे गेली. तिथे नुसती वाफ निघत होती. कढत पाण्याने जमीन भाजली होती. गवताची काडीसुद्धा उगवलेली नव्हती.

तिने कारभाऱ्याला बोलावलं. "हे सांडणं बंद केलं तर?"

"पाहुणे तोंड फिरवतील, अक्का. महाल ओस पडेल."

"असं पाहुणे म्हणाले का कधी?"

"पाहुण्याला असलं विचारतात होय? अब्रू जाईल आपली."

पण अक्काला आता चैन पडेना. महालात एक म्हातारे सरदार उतरले होते. ते सगळ्यात किरकिरे. वरणात मीठ कमी, गादीला गाठ, काही ना काही असायचंच. ती थेट त्यांच्याकडेच गेली.

"आजोबा, एक विचारू? घंगाळ ओसंडलं नाही तर चालेल तुम्हाला?"

मागोमाग आलेल्या कारभाऱ्याने डोळे मिटून घेतले.

"अगं पोरी," सरदार म्हणाले, "त्या सांडलेल्या पाण्यात दरवेळी माझं धोतर भिजतं. मागल्या खेपेला पाय घसरून आपटलो. तुमच्या घराण्याची रीत, म्हणून बोललो नाही."

"आणि आम्ही तुम्हाला आवडतं म्हणून सांडत होतो."

"मग एवढी वर्षं ते सांडलं कुणासाठी?"

दोघंही हसायला लागली. कारभाऱ्याने एक डोळा उघडून पाहिलं.

त्या दिवसापासून घंगाळ हवं तेवढंच भरू लागलं. लाकूड कमी जळू लागलं. न्हाणीचं पाणी आधी कुंडात निवायचं, मग बोडक्या उतारावर एकेका पाहुण्याच्या नावाने लावलेल्या रोपांना जायचं. एक सावकार रुसून निघून गेला. बाकीचे जाताना आपलं झाड केवढं झालं ते बघून जाऊ लागले.

तळं काही लगेच भरलं नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात ते मागेही सरकलं नाही. लेक आता चालू लागली होती. अक्का तिचं बोट धरून काठाशी गेली, तर खंड्या बिळाच्या दारात माती उकरत होता.

"गेला नाहीस का रे?"

"निघालो होतो. पण पाणी थांबलेलं दिसलं. म्हटलं, दोन अंडी घालून बघू."

लेकीने तळ्यात पाय बुडवले, आणि पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं.

तात्पर्य: मानासाठी सांडण्याआधी एकदा विचारून पाहावं; आज जे वाचतं, तेच उद्या लेकरांच्या वाट्याला येतं.