पांगाऱ्याचा पांगुळगाडा

"पांगुळगाडा असा हवा, की आमची नात तो सहज ढकलेल. आणि त्यावर एक ओरखडा उठता कामा नये!" राजा धवलसेनाने फर्मावले. "पौर्णिमेला येऊन बघू. ओरखडा दिसला, तर सखोबा, तुझी हत्यारं जमा कर आणि राज्याबाहेर चालता हो."

सखोबा सुताराच्या तोंडचे पाणी पळाले. पहिला गाडा त्याने शिसवीचा केला होता. त्यावर ओरखडा उठत नव्हता, पण तो जागचा हलतही नव्हता. राजाची नात येसू त्याला धरून उभी राहायची, जोर लावायची आणि भोकाड पसरायची. हलके लाकूड घ्यावे, तर त्यात नखसुद्धा रुतते.

"असं लाकूड कुठल्या रानात मिळायचं?" घरी येऊन तो मुलीला म्हणाला.

"कुठल्याच नाही," भिवरा म्हणाली. "आबा, मागच्या वर्षी तोडलेला पांगारा चांगला वाळलाय. त्याचाच गाडा करा. आणि उरलेल्याचा चौरंगही."

"पांगारा? पोरी, इतकं मऊ लाकूड! त्याची खेळणी करतात!"

"मग येसूताई काय लढाईला चालल्यात?"

दुसरा उपाय नव्हता. सखोबाने पांगारा घेतला.

पौर्णिमेला राजा सखोबाच्या घरी आला, तेव्हा सकाळीच तिथे आणलेली येसू गाडा ढकलत भरधाव निघाली होती. ती चौरंगावर आदळली, खाली बसली, हसली आणि चौरंगाचा कोपरा चावू लागली. गाड्याला जागोजागी पोचे आले होते. चौरंगावर इवल्या दातांची नक्षी उमटली होती.

रागावला की राजाचा अंगठा भुवईवरच्या जुन्या खोकेकडे जाई. आताही गेला.

"सखोबा, हत्यारं आण."

सखोबा हत्यारांची पेटी उचलायला वाकला. भिवरा पुढे झाली.

"महाराज, एक विचारू?"

"विचार. जाता जाता."

"तुमच्या महालातला शिसवी चौरंग किती जुना?"

"आमच्या आजोबांच्या वेळचा. अजून एक ओरखडा नाही त्यावर!"

"आणि ही भुवईवरची खोक?"

"ही होय? आम्ही चालायला शिकत होतो, तेव्हा त्याच चौरंगाच्या..."

राजाचा अंगठा होता तिथेच राहिला.

"पोर चालायला शिकणार म्हणजे धडकणार," भिवरा म्हणाली. "खूण कुठेतरी उठणारच. शिसवीनं ती तुम्हाला दिली. पांगाऱ्यानं स्वतःवर घेतली. ओरखडाच शोधायचा, तर येसूताईंच्या कपाळावर शोधा."

राजाने खाली बसून नातीला जवळ घेतले. कपाळावरचे केस बाजूला केले. भुवया पाहिल्या, हनुवटी पाहिली, गुडघे पाहिले. कुठेच काही नव्हते. तेवढ्यात येसूने त्याचा अंगठा करकचून चावला.

राजा इतका हसला, की डोळे पुसावे लागले. हातातले कडे काढून त्याने भिवराला दिले, आणि ओढ्याकाठची पांगाऱ्याची सगळी झाडे सखोबाला.

दारापर्यंत गेलेला राजा परत वळला आणि हळूच म्हणाला, "सखोबा, आमच्या सिंहासनाच्या कडांनाही पांगाऱ्याच्या पट्ट्या लाव. रोज उठताना गुडघा आपटतो. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं!"