पुनाजी तेल्याचा एक फेरा

गावाचं तेल गावातच निघायचं आणि देवापुढचा दिवा त्याच तेलावर जळायचा, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षं झाली. कारवंड नावाच्या नदीकाठच्या गावात पुनाजी तेली राहत होता. अंगानं आडदांड, बोलायला थोडा. त्याचे हात इतके राठ, की म्हणे त्यानं गाल पुसला तरी ओरखडा उठे.

त्याची बायको गिरजा बाळंत झाली, मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गिरजा तापानं गेली. घरात उरले पुनाजी, घाण्याचा बैल आणि ती एवढीशी पोर. तिचं नाव कौतिका.

कौतिका रडायची. सकाळी रडायची, दुपारी रडायची, शेजारी जेवायला बसले की रडायची. शेजारची येसाआजी दिवसातून दोनदा येऊन तिला न्हाऊमाखू घालून जायची. एकदा ती म्हणाली, "पुना, बाप्याच्या हातून हे होत नाही रे. गिरजेच्या बहिणीला निरोप धाड. ती नेईल पोरीला."

पुनाजीला ते खोटं वाटलं नाही. पण पोर गेली की घरात गिरजेचं काहीच उरणार नव्हतं. तो म्हणाला, "निरोप धाडतो आजी. तिला यायला दहा दिवस लागतील. तोवर बघतो."

पोर रडली की तो शेळीच्या दुधात कापसाचा बोळा भिजवून तिच्या तोंडात धरी. पुन्हा रडली की पुन्हा बोळा. दूध ओकून ती आणखी रडे. मग तो झोळी हलवी, जोरजोरात हलवी. सहाव्या दिवशी त्याचा तोल गेला. तो तिच्यावर खेकसला. पोर दचकली, तिचे दोन्ही हात हवेत उडाले आणि ती अशी रडली, की पुनाजीला स्वतःचीच भीती वाटली. त्यानं तिला तिळाच्या रिकाम्या टोपलीत मऊ फडक्यावर ठेवलं आणि तो बाहेर बैलापाशी जाऊन उभा राहिला.

बैल मान खाली घालून उभा होता. पुनाजीनं सवयीनं त्याचा खूर उचलून पाहिला, जोखडाखालची मान चाचपली. बैल घाण्यात अडला तर पुनाजीनं त्याला कधी मारलं नव्हतं. तहान लागली असेल, काटा रुतला असेल, खांदा सोलला असेल, हे तो आधी बघायचा. तिथंच त्याच्या मनात आलं, मुक्या जनावराला मी बघतो आणि पोटच्या लेकराला नुसता हलवतो.

तो आत आला, टोपलीसमोर बसला आणि घाण्याचा एक फेरा होईल एवढा वेळ त्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

मग त्याला दिसायला लागलं. भूक लागली की रडं फुटायच्या आधीच ती मूठ तोंडाकडे नेई, ओठ चाटी. पोटात वारा धरला की गुडघे पोटाशी ओढी. झोप आली आणि माणसांचा गलका झाला, की तोंड फिरवून कुरकुरे. ओली झाली की वळवळे. आणि एक रडणं असं होतं, की ज्याला काही कारणच नव्हतं. त्या वेळी तिला फक्त कुणीतरी हवं असे. तेव्हा पुनाजी गिरजेच्या लुगड्यानं तिला छातीशी बांधी आणि घाण्याच्या फळीवर बसून बैल हाकी. घाणा करकरत गोल फिरे आणि पोर बापाच्या छातीचे ठोके ऐकत निजून जाई. तरीही कधीकधी ती रडतच राही. तेव्हाही तो रागावत नसे, तिला घेऊन फिरत राही.

दहाव्या दिवशी मावशी आली. तिनं फळीवर बसलेला दाजी पाहिला, त्याच्या छातीशी निजलेली भाची पाहिली. दोन दिवस राहिली आणि एकटीच परत गेली.

पुढे बाया तेल न्यायला आल्या, की कडेवरच्या पोराचं गाऱ्हाणं सांगू लागल्या. पुनाजी उपाय सांगत नसे. तो म्हणे, "थांब. एक फेरा बघू दे त्याला." आणि बघता बघता बाईलाच उमगे. असं म्हणतात, की पुढे पुढे तर नदीपलीकडच्या गावातलं पोर रडलं तरी तो वाऱ्यावर कान देऊन सांगे, "त्याच्या आईला म्हणावं, भूक नाही, अंगडं काचतंय." आणि माणूस नदी उतरून बघायला जाई, तर अंगड्याची गाठ खरंच काचत असे.

कौतिका तीन वर्षांची झाली, त्या साली पाटलाचा दीड महिन्याचा नातू रडायला लागला. दीड दिवस थांबेना. दूध घेईना, निजेना. भगत आला. त्यानं सांगितलं, बाहेरचं आहे, पोटावर डाग द्यावा लागेल. अंगणात शेणी पेटल्या, त्यात विळा ठेवला. पाटलाची सून सारजा दाराशी बसून होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

पुनाजी कौतिकेचं बोट धरून अंगणात आला.

पाटील म्हणाले, "पुनाजी, तुझं काम तेलाचं. यात पडू नको."

"पडत नाही पाटील. विळा तापायला अजून वेळ आहे. तोवर मला बघू द्या."

पाटलांनी भगताकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं आणि मान हलवली.

पुनाजीनं पोराला मांडीवर घेतलं आणि अंगावरचं एकूणएक कापड काढलं. पोट चाचपलं, ते मऊ होतं. काखा पाहिल्या, कानामागं पाहिलं. डाव्या पावलाला हात लागला आणि पोराचा श्वासच अडकला. पावलाचं चौथं बोट जांभळं पडलं होतं, फुगलं होतं. त्याच्या बेचक्यात एक लांब केस गुंडाळला होता, इतका घट्ट, की कातडीत बुडाला होता.

पुनाजीनं बोटावर तेल सोडलं. बाभळीचा काटा मागितला आणि त्या राठ हातांनी हळूहळू केस वर काढून तोडला. बोटात रक्त फिरलं. पोर आणखी एकदा मोठ्यानं रडलं आणि मग रडण्याचा सूर बदलला.

"हे रडणं भुकेचं," पुनाजी म्हणाला. "घे सूनबाई."

सारजा रडत होती. केस तिचाच होता. पुनाजी तिला म्हणाला, "बाळंतिणीचे केस गळतातच पोरी. तुझा यात काय दोष?"

पोर दूध प्यायला लागलं. पाटील उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तापल्या विळ्यावर घागर ओतली. त्यानंतर कारवंडात कुठल्याच लेकराला कुणी डाग दिला नाही.

पुनाजी खूप म्हातारा होऊन गेला, कौतिकेची नातवंडं पाहून. असं म्हणतात, की तो गेला त्या सकाळी गावातली सगळी तान्ही जागी होती आणि मसणात गेलेली माणसं घरी परतेपर्यंत एकही रडलं नाही. असंही म्हणतात, की बैल नसताना घाणा एक फेरा फिरला. पाहणारे आता कुणी नाहीत.

घाणाही आता नाही. तेल पिशवीतून येतं. पण कारवंडात पोर रडलं, की म्हाताऱ्या अजून म्हणतात, "एक फेरा थांब." आणि बारशाच्या सकाळी बाळाला तेल लावतो तो बाप. तो अंगणात पाय पसरून बसतो, बाळाला पायांवर घेतो. बहुतेकांच्या हातून तेल सांडतं. बाया उंबऱ्यात उभ्या राहून हसतात, पण शिकवत कुणी नाही. आणि पोर रडलंच, तर त्याच्या हातून ते कुणी काढून घेत नाही.